मृग फक्त जूनमध्येच का आठवावा?



आमच्या मालेगावात (नाशिकचं नव्हे हो, वाशीम जिल्ह्यातलं!) मृग म्हटला की पेरणी. ७-८ जूनला मृग लागला की बियाणं, खत आणि आभाळाकडे डोळे. गंमत म्हणजे त्या दिवसांत सूर्यच मृगात असल्याने हे नक्षत्र दिसतच नाही. ते छान दिसतं जानेवारीत, आणि तेव्हा त्याची कुणाला आठवण नसते. माझं म्हणणं एवढंच की, तारे कसे जन्मतात हा धडा शाळांनी जानेवारीतल्या एखाद्या रात्री मृगाकडे बोट दाखवून शिकवावा.

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण बहुतेकांना माहीत असतो. त्याच्या दक्षिणेला तीन मंद ठिपके आहेत. मधला धुरकट दिसतो, कारण तो तेजोमेघ आहे. अंतर सुमारे १३५० प्रकाशवर्षं. तिथे आजही तारे घडत आहेत. हायड्रोजनचा थंडगार ढग स्वतःच्याच वजनाने आत दबत जातो. दबला की तापतो, सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो तसा. गाभा कोटभर अंशांपर्यंत तापला की एरवी एकमेकांना दूर लोटणारी हायड्रोजनची केंद्रकं जुळतात, हेलियम बनतो आणि थोड्या वस्तुमानाची ऊर्जा होते. आपल्या सूर्यात दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान असं खर्ची पडतं.

मी मराठीचा बी.ए., त्यामुळे ‘सूर्य जळतो’ हे मला खटकतं. जळायला प्राणवायू लागतो. सूर्य कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच संपला असता. तो तर साडेचारशे कोटी वर्षांहून जुना आहे. ‘केंद्रकीय संमीलन’ मुलं पाठ करतात आणि विसरतात. त्यांना सांगावं, तारा जळत नाही, त्याच्या पोटात जुळणी चालते.

हे ज्ञान काही परदेशातच तयार होतं असं नाही. पुणे जिल्ह्यात खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या साहाय्याने २०२० साली आपल्या शास्त्रज्ञांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. तेव्हा तारे इतक्या झपाट्याने बनत होते की तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून पुढे ताऱ्यांचा जन्मदर घटला. बी संपलं की पेरा थांबतो, हे आमच्याकडच्या पोरांना वेगळं समजवावं लागेल का?

कुणी म्हणेल, मोबाईलवर याहून सुंदर चित्रं दिसतात. दिसतात ना! पण तो धुरकट ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो, तो जन्मभर आपला राहतो. खर्चही नाही. मैदानावरचे दिवे तासभर बंद करायचे, एवढंच. शाळेला जमलं नाही तर आजी-आजोबांनी नातवंडांना शेतावर न्यावं, कानटोपी घालून.

बघा, पटतंय का.