बारा वर्षांची झोप, चोवीस तासांची जाग

ओडिशातील बालेश्वरच्या फकीरमोहन स्वायत्त महाविद्यालयात बी.एड. शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने आपल्याच विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार केली, प्राचार्यांची भेट घेतली, समाजमाध्यमांतून थेट मुख्यमंत्र्यांना साकडे घातले, आणि कायद्याने, शासनाने व शिष्टाचाराने दाखवलेली एकूण एक दारे ठोठावून झाल्यावर १२ जुलै २०२५ रोजी महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले. १४ जुलैच्या रात्री भुवनेश्वरच्या एम्समध्ये तिचा अंत झाला. आग दिसली तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली. विभागप्रमुख व प्राचार्य निलंबित झाले, दोघांना अटक झाली, विद्यापीठ अनुदान आयोगाची सत्यशोधन समिती निघाली आणि राज्याच्या उच्च शिक्षण खात्याने फर्मान सोडले, की महाविद्यालयांनी चोवीस तासांच्या आत अंतर्गत तक्रार समिती स्थापावी. बैल गेला नि झोपा केला! संसदेने २०१३ मध्ये जी समिती अनिवार्य केली, ती जर चोवीस तासांत उभी राहण्याजोगी होती, तर मधली बारा वर्षे हे लोक काय करीत होते?

ज्यांचे नाव त्या महाविद्यालयाने मिरवले आहे, त्या फकीरमोहन सेनापतींनी १८९८ साली ‘रेवती’ नावाची कथा लिहिली. शिकण्याची हौस बाळगणाऱ्या मुलीच्या घरावर पटकी कोसळते आणि आजी साऱ्या अरिष्टाचे खापर नातीच्या विद्येवर फोडते. सव्वाशे वर्षांनंतरही मुलीने तोंड उघडले की दोष तिच्याच माथी येतो. फरक एवढाच, की ती आजी अडाणी होती; आमच्या अधिष्ठात्यांना डॉक्टरेट असते.

बालेश्वरच्या त्या विभागप्रमुखाचा अपराध न्यायालय ठरवील. तो आमचा अधिकार नव्हे. परंतु तक्रार हाती आल्यावर संस्था कशी वागते, हे ठरवायला न्यायाधीश लागत नाही. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात दुचाकीस्वारांनी एका विद्यार्थिनीवर हात टाकला. हाकेच्या अंतरावरचे रक्षक हलले नाहीत, उलट इतक्या उशिरा बाहेर कशाला, असे तिलाच विचारण्यात आले, असे विद्यार्थिनींचे म्हणणे होते. कुलगुरूंनी येऊन आमच्याशी बोलावे, एवढ्या मागणीसाठी त्या मुली सिंहद्वारापाशी बसल्या. कुलगुरूंना तेथवर यायला सवड झाली नाही. २३ सप्टेंबरच्या रात्री लाठ्या मात्र आल्या.

ही मुजोरी येते कोठून? विद्यापीठातील सत्ता दिसत नाही, म्हणून ती अधिक निर्दय असते. गाईडची एक सही अडली की प्रबंध वर्षभर कपाटात पडतो. इंटर्नलचे गुण, प्रॅक्टिकल, हजेरी, व्हायव्हा, शिफारसपत्र, फेलोशिपचा अहवाल, सारे एकाच माणसाच्या मुठीत असते, आणि त्याच माणसाविरुद्ध तक्रार घेऊन जायचे तर समोर खुर्चीत बसलेला असतो त्याचा वीस वर्षांचा चहाचा सोबती. हे सारे ओळखूनच आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता व विभागप्रमुख यांना या समितीत बसायला साफ मनाई केली, बाहेरचा सदस्य सक्तीचा केला, विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी घ्यायला लावले, चौकशीला नव्वद दिवसांची मुदत घातली आणि तक्रारदार मुलीचे मूल्यमापन आरोप असलेल्या अध्यापकाकडून काढून घेण्याची सोय केली. कायद्यात न्यून नाही. न्यून आहे ते तो पाळणाऱ्यांच्या दानतीत.

कोणाही प्राध्यापकाला खासगीत विचारा, समिती कधी जिवंत होते? मूल्यांकनासाठी नॅकची पीअर टीम येणार असली की! तेव्हा दोन वर्षांची इतिवृत्ते एका दुपारी लिहून होतात, सह्या फिरवल्या जातात, भिंतीवर फलक चढतो. टीम गेली की फलकावरचे दूरध्वनी क्रमांक कोणी उचलत नाही. आणि एखादी मुलगी खरोखरच कागद घेऊन आली, तर ‘तुझ्या करिअरचा विचार कर’, ‘घरी कळले तर काय वाटेल’, ‘संस्थेची बदनामी होईल’, ‘सर तसे नाहीत गं’ ही चार वाक्ये ऐकवली जातात, आणि ऐकवणारी पुष्कळदा एक बाईच असते, हे लिहिताना आम्हांला लाज वाटते. खोट्या तक्रारींचा बागुलबुवा दाखवणाऱ्यांनी कायदा एकदा उघडून पाहावा. द्वेषबुद्धीने केलेल्या तक्रारीला त्यात शिक्षा आहे. मात्र नुसती सिद्ध न झालेली तक्रार खोटी मानू नये, हेही त्यातच लिहिले आहे. तेवढे वाचण्याची तसदी कोण घेतो?

निष्काळजीपणा कोठवर जातो ते पाहायला ओडिशापर्यंत जाण्याचे कारण नाही. आपले गोवे पुरे आहे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समिती बसली, विद्यापीठाने त्याला बडतर्फ केले, मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली. आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण समितीने शेवटी घिसाडघाई करून त्याला बाजू मांडायची पुरती संधीच दिली नव्हती. प्रकरण पुन्हा समितीच्या दारात आले. चौदा वर्षांनी! न्यायालयाला दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. नैसर्गिक न्याय आरोपीलाही मिळालाच पाहिजे, नाहीतर निकाल टिकत नाही, आणि न टिकणारा निकाल हा त्या मुलींचा दुसरा छळ असतो. दोष त्या व्यवस्थेचा, जी चौकशी कशी करावी हे न शिकवताच माणसांना चौकशीला बसवते. सदस्यांना प्रशिक्षण द्या, असे कायदा सांगतो. आमची विद्यापीठे एक पॉवरपॉइंट दाखवून मोकळी होतात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाने अशा तक्रारींसाठी मार्ग आखून दिला, २०१२ मध्ये पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशाला खडसावले, २०२३ च्या या निकालातही अंमलबजावणीतील उणिवांची तीच खंत न्यायालयाला पुन्हा लिहावी लागली. किती वेळा सांगायचे?

आणि याच विद्यापीठांची एक वेगळी परंपरा होती! देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांनाच खुले पत्र लिहिले, आणि त्या पत्राने पेटलेल्या आंदोलनातून १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. ती मुलगी त्यांची विद्यार्थिनी नव्हती. आज आपल्याच वर्गातल्या मुलीसाठी, शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्याविरुद्ध साधी साक्ष द्यायची वेळ आली की विद्वज्जन रजेचा अर्ज टाकतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालायला मात्र हीच मंडळी पहिल्या रांगेत!

म्हणून विनंतीची भाषा आता पुरे. तक्रार दाखल होईल त्याच दिवशी त्या मुलीची उत्तरपत्रिका, हजेरी आणि प्रबंध संबंधित अध्यापकाच्या हातून निघाला पाहिजे. समितीत कोण आहे, किती तक्रारी आल्या, किती नव्वद दिवसांत निकाली निघाल्या, हे मुलींची नावे झाकून दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजे. आणि जे विद्यापीठ हे करणार नाही, त्याचे अनुदान रोखण्याचा जो अधिकार आयोगाने आपल्याच विनियमांत स्वतःच्या हाती ठेवला आहे, तो त्याने वापरला पाहिजे. सत्यशोधन समित्या पुष्कळ झाल्या. पहिले अनुदान कोणाचे थांबवणार, तेवढे आयोगाने सांगावे.