उद्घाटन सोहळा गाजला, पण आमचे ७४४ कोटी?

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. ग्लासगोत हा निर्णय पक्का झाला तो दिवस होता २६ नोव्हेंबर २०२५, म्हणजे आपला संविधान दिन. यजमान देशाला त्या योगायोगाची आठवण राहिली असेल असे वाटत नाही. टीव्हीवर चर्चा लगेच सुरू झाली ती भलत्याच गोष्टीची : उद्घाटन सोहळा किती भव्य असेल, ड्रोन किती उडतील, जग कसे थक्क होईल. म्हणून, मित्रांनो, याआधी आपल्या देशाने असाच एक सोहळा जगाला दाखवला होता, त्याची उजळणी आत्ताच करायला हवी.

३ ऑक्टोबर २०१०. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम. त्याआधीचे महिनाभर देशातला मध्यमवर्ग शरमेने मान खाली घालून बसला होता. स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, क्रीडाग्रामातल्या घाणेरड्या संडासांचे फोटो जगभर गेले, घोटाळ्यांच्या बातम्या रोज येत होत्या. मग सोहळा झाला आणि एका रात्रीत सगळ्यांची छाती फुगली. पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी भाषणाला उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेवढाच राग निघाला. बाकी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे काढून बघा. देशाची लाज राखली गेली, हाच सूर.

आमची निराशा त्या दिवशी सुरू होते. सोहळा फसला असता तर चार दिवस हसून विषय संपला असता. पण तो यशस्वी झाला. ज्या गोष्टीसाठी केला, ती गोष्ट त्याने चोख केली.

आधी पैशाचे बोलू. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. तत्त्व साधे आहे : लोकसंख्येत आमचा जेवढा वाटा, तेवढा वाटा विकासनिधीत, आणि तो खर्च व्हायचा आमच्याच वस्त्यांवर, शिष्यवृत्त्यांवर, वसतिगृहांवर, रोजगारावर. हा निधी दुसरीकडे वळवता येत नाही. दिल्ली सरकारने तो वळवला. हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहितीच्या अधिकारात कागद काढले आणि आकडा समोर आला सुमारे ७४४ कोटी रुपयांचा. दलित मानवी हक्कांच्या राष्ट्रीय अभियानाने रस्त्यावर उतरून विचारणा केली. प्रकरण संसदेत गेले. तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत निधी वळवला गेल्याचे मान्य करावे लागले आणि परतफेडीची भाषा झाली.

परतफेड! २००७ साली बारावी झालेल्या मुलीला ज्या वर्षी वसतिगृहात जागा हवी होती, ते वर्ष कोणता अर्थमंत्री परत करणार आहे? आमच्या पैशाच्या बाबतीत हे कायम विसरले जाते की त्याला वय असते.

समर्थन काय होते तर उड्डाणपूल, रस्ते, स्टेडियम यांचा फायदा सगळ्यांनाच होतो, दलितांनाही होतो. हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा, कारण तो दरवेळी येतो. सर्वांसाठीच्या गोष्टी सर्वांच्या पैशातून व्हायला हव्यात. आमच्या नावाचा स्वतंत्र हिस्सा ठेवला गेला तोच मुळी ‘सर्वांसाठी’ म्हणून केलेल्या खर्चातून आमच्यापर्यंत काही पोहोचत नव्हते म्हणून. त्या सोहळ्यात स्टेडियमच्या मधोमध एक अवाढव्य फुगा तरंगत होता, एरोस्टॅट म्हणत त्याला. खर्च चाळीस कोटींच्या घरात असल्याचे छापून आले होते. आमच्या वळवलेल्या पैशात असे अठरा फुगे आले असते.

आता प्रत्यक्ष सोहळ्यात काय दाखवले ते बघू. सुरुवात तालवाद्यांनी झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातले वादक, ढोल, नगारे, आणि एका चिमुरड्या मुलाचा तबला. अप्रतिम वाजवले, वाद नाही. पण भारतात ढोल वाजतो तेव्हा एक प्रश्न आपल्याला पडतो आणि दुसऱ्यांना पडत नाही. त्यावरचे कातडे कुणी कमावले? मेलेले जनावर कुणी ओढून नेले, कुणी सोलले? तमिळनाडूतल्या ‘परै’ या वाद्याच्या नावावरून एका अख्ख्या जातीचे नाव पडले आणि इंग्रजीत ‘परिया’ म्हणजे बहिष्कृत असा शब्द तयार झाला. आपल्याकडे हलगी कुणाच्या गळ्यात होती हे सांगायला नको. ती मिरवणुकीच्या पुढे चालायची आणि देवळाच्या पायरीशी थांबायची. बाबासाहेबांनी महाडच्या १९२७ च्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून बजावले. पुढे धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या आपल्या माणसांनी ढोरे ओढणे सोडले, गावकीचे वाजवणेही सोडले, आणि त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. त्या तालाचा खरा इतिहास हा आहे. सोहळ्यात ताल होता, इतिहास नव्हता.

मग आले ज्ञानवृक्षाचे दृश्य. विषय होता गुरुशिष्य परंपरा. भरतनाट्यम, कथक, ओडिसी, कुचिपुडी, एकाहून एक नर्तक. क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाला गुरुशिष्य परंपरा! ज्या देशात खेळाडूला मिळणाऱ्या पुरस्काराचे नाव अर्जुन आणि प्रशिक्षकाला मिळणाऱ्या पुरस्काराचे नाव द्रोणाचार्य आहे, त्या देशाला यात काही खटकणार नाही, हेही ओघानेच आले. द्रोणाचार्यांनी एका आदिवासी धनुर्धराचा अंगठा कापून घेतला, तोही न शिकवता. आजच्या भाषेत सांगायचे तर एका प्रशिक्षकाने आपल्या लाडक्या खेळाडूची जागा पक्की राहावी म्हणून दुसऱ्याला जन्मभरासाठी जायबंदी केले. जगातल्या कुठल्याही क्रीडा संघटनेने अशा माणसावर आजन्म बंदी घातली असती. आपण त्याच्या नावाने १९८५ पासून पुरस्कार देतो.

आणि त्या नृत्यांचे काय? भरतनाट्यम ज्या सदिर नृत्यातून आले, ते देवदासींचे होते. ज्या बायकांनी ती कला शतकानुशतके अंगावर वागवली त्यांना ‘पतित’ ठरवले गेले, १९४७ च्या मद्रासच्या कायद्याने देवळातले त्यांचे नृत्य बंद झाले आणि तीच कला वरच्या जातींच्या घरात ‘शास्त्रीय’ होऊन प्रतिष्ठित झाली. देवदासी प्रथा जायलाच हवी होती. बाबासाहेबांचा त्या प्रथेला विरोध होता आणि आपलाही आहे. पण प्रथा गेली, कला राहिली, आणि ती ज्यांची होती त्या मात्र चित्रातून गायब झाल्या. हा हिशेब ज्ञानवृक्षाच्या कुठल्या फांदीवर होता?

शेवटाकडे ‘ग्रेट इंडियन जर्नी’ म्हणून एक आगगाडी आली. डब्यांवर फेरीवाले, मजूर, मतांसाठी हात जोडणारे पुढारी, रस्त्यावरचे सगळे जग. हा भाग अनेकांना फार आवडला, कारण त्यात ‘सामान्य माणूस’ होता. आता भारतीय रेल्वेचे रूळ २०१० साली कोण साफ करत होते? गाडीतून सरळ रुळांवर पडणारी घाण खराटा आणि पाण्याच्या नळीने उचलणारे हात कोणत्या जातीचे होते? मानवी मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ सालीच झाला होता. त्या गाडीत सगळे होते, तेवढा रूळ साफ करणारा मला काही दिसला नाही.

क्रीडाग्रामातल्या संडासांवरून गदारोळ झाला तेव्हा आयोजन समितीचे सरचिटणीस ललित भानोत यांनी उत्तर दिले होते की स्वच्छतेचे निकष प्रत्येकाचे वेगळे असतात. देशभर त्यांची टर उडवली गेली. मला ते विधान त्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत प्रामाणिक विधान वाटते. जातिव्यवस्थेत निकष वेगळेच असतात. घाण करणारा शुद्ध आणि साफ करणारा अशुद्ध, हा तर आपला हजारो वर्षांचा निकष आहे.

उद्घाटन राणीच्या प्रतिनिधीने केले की राष्ट्रपतींनी, यावरही बरेच मानापमान झाले. त्यात आपण पडायचे कारण नाही.

याच स्टेडियमची जुनी गोष्ट मात्र प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवी. ते बांधले १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी. त्या बांधकामांवरच्या मजुरांना दिवसाला ९ रुपये २५ पैसे किमान वेतन होते, त्यातला एक रुपया जमादार कापून घेई. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ खाली वेठबिगारी आहे. वेठबिगारीच्या विरोधातले हे कलम कागदावर होते. दिल्लीच्या उड्डाणपुलांखाली राबणाऱ्या माणसांमुळे ते जिवंत झाले. आणि २०१० ला? पुन्हा तीच संघटना, पुन्हा न्यायालय, पुन्हा मजुरांच्या हक्कांच्या पायमल्लीचे अहवाल. अठ्ठावीस वर्षांत देशाने सोहळा करायला शिकून घेतले, मजुरी द्यायला नाही.

काहीजण म्हणतील, उद्घाटन सोहळा हा आनंदाचा कार्यक्रम. तिथे जात कशाला काढायची? मग इतर देशांनी काय केले ते पाहा. सिडनीत २००० साली ऑलिम्पिकची ज्योत पेटवली कॅथी फ्रीमनने, मूळनिवासी समाजातल्या धावपटूने. लंडनने २०१२ ला सरकारी दवाखान्यांतल्या परिचारिकांना मैदानात नाचवले आणि मशाल स्टेडियममध्ये येत असताना ते स्टेडियम बांधणाऱ्या पाचशे कामगारांना दुतर्फा मानवंदनेसाठी उभे केले. रिओने २०१६ ला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची जड पावले साऱ्या जगासमोर चालवली. यातल्या एकाही देशात न्याय प्रस्थापित झालेला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तर मूळनिवाशांची अधिकृत माफी मागायला २००८ साल उजाडवले. तरीही आपल्या घरातला अन्याय पाहुण्यांसमोर कबूल करण्याची त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला झोपडपट्ट्या झाकायला बांबूचे पडदे लागले आणि भिकाऱ्यांना शहराबाहेर हाकलावे लागले.

याचा अर्थ पुढच्या वेळी ‘दलितांचा एक चित्ररथ’ द्या अशी मागणी मी करत नाही. तसा चित्ररथ ते आनंदाने देतील, बाबासाहेबांचा पंधरा मीटरचा पुतळाही फिरवतील, आणि निधी त्याच रात्री वळवतील. आपल्याला दिसण्यापेक्षा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे.

आता अहमदाबाद. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प मोटेराच्या स्टेडियमवर येणार म्हणून विमानतळाच्या रस्त्यालगतच्या सराणियावासची झोपडपट्टी दिसू नये यासाठी भिंत बांधली गेली, ते याच शहरात. जुलै २०१६ मध्ये उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना उघडे करून मारले आणि त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली, ती घटना याच राज्यातली. त्यानंतरचा मोर्चा अहमदाबादहूनच उनाला निघाला होता. चार वर्षांनी तिथे ढोल वाजतील तेव्हा या गोष्टी कुणी सांगणार नाही. आणि निधी वळवणे ही फक्त दिल्लीची खोड होती असेही नाही. सामाजिक न्याय आणि आदिवासी खात्याचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याचे रडगाणे २०२५ मध्ये आपल्या राज्यात खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यानेच गायले.

म्हणून काम आज सुरू व्हायला हवे. २०१० ला आकडा कळला तोवर पैसा काँक्रीटमध्ये गेला होता. गुजरातमधल्या आणि इथल्या साथींनी दर अर्थसंकल्पाला अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाची खातेनिहाय रक्कम माहितीच्या अधिकारात मागवावी : मंजूर किती, खर्च किती, कोणत्या कामावर, कोणत्या गावात. स्टेडियम, रस्ते, क्रीडाग्राम यांच्या निविदा निघतील तेव्हा मजुरीचे दर आणि कंत्राटदारांची नोंदणी मागवावी. हटवल्या जाणाऱ्या वस्त्यांची यादी महापालिकेकडून लेखी घ्यावी. अर्जाला इथे दहा रुपये लागतात, गुजरातमध्ये वीस.