विमा कंपनीची पत

इचलकरंजीचा यंत्रमागवाला कापड उधारीवर देण्याआधी समोरच्या व्यापाऱ्याची पत चार ठिकाणी विचारून घेतो. कारखान्याच्या आगीच्या विम्याची वेळ आली की मात्र ‘शेठ, प्रीमियममध्ये घसघशीत सूट’ एवढ्यावर चेक फाडून मोकळा. वास्तविक इथे उधारी तोच देत असतो: पैसे आज, भरपाई शेड जळालीच तर. कंपनीची पत तपासायला सीए लागत नाही. तिच्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डिस्क्लोजर’ या नावाखाली दर तिमाहीचे तक्ते असतात (कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा कोपऱ्यात!). त्यात सॉल्व्हन्सी रेशो बघा. विमा नियामक इर्डाची अट किमान 1.5 ची, म्हणजे नियमाने 100 रुपये राखीव लागत असतील तिथे 150 हवेत. नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्याही गेली काही वर्षं या रेषेखाली घसरल्या. केंद्राने तिघींत मिळून 17,450 कोटी ओतले. खासगी कंपनीमागे असा मायबाप उभा नसतो, आणि बँकठेवीला मिळतं तसं 5 लाखांचं कवचही पॉलिसीला नाही. त्याच तक्त्यांत सहा महिन्यांहून जास्त रखडलेले दावे किती, तेही दिसतं. मी आधी तोच आकडा बघतो, सूट नंतर.