पाठीमागचे आकाश

वळवाचे ढग जमू लागले की ठाणे खाडीच्या पूर्व काठावर संध्याकाळी हौशी छायाचित्रकार दिसू लागतात. ओहोटीनंतर चिखलावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात अवघे आकाश उतरते. ढगाआडून सूर्याचे किरण पंख्यासारखे फाकले की सगळे कॅमेरे पश्चिमेकडे रोखले जातात.

हे किरण खरे तर समांतरच असतात. लांब जाणारे रेल्वेचे रूळ एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात ना, तसाच हा दृष्टीचा खेळ. म्हणूनच कधीकधी तेच किरण डोक्यावरून जाऊन पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे पुन्हा एकत्र येताना दिसतात. पण ते फिकट असतात आणि त्यासाठी सूर्याकडे पाठ करावी लागते. ती सहसा कोणी करीत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की ती करावी. या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला. तरी भोवतालच्या पाणथळ जागांत राडारोडा पडतोच. आपल्या चौकटीत तो येत नाही, कारण आपणच त्याला बाहेर ठेवतो. असे चित्र खोटे नसते, पण अर्धे असते. उद्या पाणी बुजले तरी ढग राहतील, किरणही राहतील. त्यांना उतरायला जागा मात्र उरणार नाही.

तेव्हा मुलांना घेऊन जरूर जा. एक छायाचित्र सूर्यास्ताचे काढा, दुसरे मागे वळून. आणि चारचौघांना दाखवताना दोन्ही दाखवा.