वीस तासांच्या कामातलं इंग्रजी

सोयाबीनचा पैसा हातात आला की लातूरच्या उद्योग भवन परिसरात आणि नांदेडच्या भाग्यनगरात हल्ली एक नवी चौकशी सुरू होते. नीट-जेईईच्या फलकांच्या गर्दीत आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे फलकही लागले आहेत. पोरगं बी.ई. झालेलं असतं, पुण्यात तुटपुंज्या पगारावर राबत असतं आणि प्रत्येक मुलाखतीत इंग्रजीवर अडत असतं. मग कुणीतरी जाणकार सांगतो, ‘बाहेर पाठवा. काम करत शिकेल, खर्च निघेल, इंग्रजी तर तिथं राहूनच येईल.’ बापाला हे पटतं. एका खर्चात दोन कामं होणार असतील तर कुणाला नको?

यातलं खर्चाचं आधी बघू. उदाहरणाला ब्रिटन घेऊ. पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्याला तिथं सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरच्या कामगाराचा किमान दर ताशी १२.२१ पाउंड झाला. वीसच्या वीस तास मिळाले, एकही आठवडा खाडा झाला नाही, तर महिन्याला साधारण १,०५८ पाउंड होतात. आणि राहण्या-खाण्याला किती लागतात? व्हिसा देताना तिथलं गृहखातं लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पाउंड धरतं, लंडनमध्ये १,५२९. नोव्हेंबर २०२५ पासूनचे हे आकडे. म्हणजे त्यांच्याच सरकारच्या हिशेबाने कमाईतून पोटापाण्याचंही पूर्ण भागत नाही. फी यात धरलेलीच नाही. वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार वेगळा, तोही व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. ‘कामावर फी फेडता येते’ म्हणणाऱ्या एजंटाला एवढी बेरीज करायला सांगा, विषय बदलेल.

फीचा पैसा इथूनच न्यावा लागतो. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुधा तयार नसतात. त्यामुळे गावाकडे बारा एकर असलेला माणूसही शहरात एनए प्लॉट असलेल्या मेव्हण्याच्या दारात जाऊन बसतो. नुसत्या आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने धरली तर तीन-साडेतीन क्विंटल सोयाबीन, आणि मोंढ्यात हमीभाव मिळतो असं समजून.

आता इंग्रजीचं. ते कामावर येतं, पण कुठल्या कामावर, हे कुणी विचारत नाही. नवं पोरगं पहिल्यांदा गोदामात लागतं. रात्रपाळीला दर जरा बरा असतो. हातात स्कॅनर, समोर खोकी, आणि रात्रभर ऐकायला स्कॅनरचा ‘बीप’. तिथं वर्ष काढलं तरी चार वाक्यांची भर पडत नाही. दुसरी जागा हॉटेलचं स्वयंपाकघर. ब्रिटनमधली ‘इंडियन’ म्हणवणारी बरीच हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी लोकांची आहेत. भांडी घासता घासता आपल्या पोराचं हिंदी सुधारतं. जेवणाचे डबे पोचवणाऱ्या ॲपचं काम तर करूच नये. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, आणि दुसऱ्याच्या नावावरचं खातं वापरताना सापडलं तर व्हिसा जातो. शिवाय दारात पिशवी ठेवून बेल वाजवण्यात बोलायचं कितीसं असतं?

खोलीवर तर मराठवाडाच नांदत असतो. उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट अशा चौघांचं एक बिऱ्हाड. भाडं वाटून जातं, वरण-भात मिळतो, सणाला फोटो चांगले येतात. कमी पैशात राहायचं तर हे बरोबरच आहे, मी नावं ठेवणार नाही. पण दिवसाचे उरलेले तासही मराठीत जातात, हा त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

याउलट वृद्धांच्या केअर होममधलं काम बघा. दर किमान वेतनाच्या आसपासच, काम अंगमेहनतीचं, कधी किळस येईल असं. पण तिथली ऐंशी-पंच्याऐंशीची आजी चहात दूध किती हवं यावरून सकाळी वाद घालते. मुलगा भेटायला येत नाही, हे गाऱ्हाणं ती त्याच दिवशी पाचव्यांदा सांगते, तेही दात न लावता आणि पक्क्या यॉर्कशायरी उच्चारात. ते कळेपर्यंत ऐकावंच लागतं. पाळी बदलताना कुणी किती खाल्लं, कुणाची गोळी राहिली, कोण घसरून पडलं, हे पुढच्या पाळीला बोलून सांगावं लागतं आणि वहीत लिहावंही लागतं. चूक झाली तर माणसाच्या जिवाशी गाठ. इतकी कसून तालीम कुठल्या क्लासात मिळणार? दुकानाच्या गल्ल्यावरही असंच घडतं, जरा कमी प्रमाणात. म्हणून जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे, ताशी दोन पाउंड कमी मिळाले तरी चालतील, पण जिथं तोंड उघडावं लागतं ते काम धरा.

आणखी एक गैरसमज म्हणजे परदेशात सरकार फुकट इंग्रजी शिकवतं. शिकवतं, पण प्रामुख्याने कायम राहायला आलेल्यांना. कॅनडातले ‘लिंक’ वर्ग आणि ऑस्ट्रेलियातली ‘एएमईपी’ योजना विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयांचं दार मात्र उघडं असतं. डब्लिनसह अनेक शहरांतल्या ग्रंथालयांत इंग्रजी संभाषणाचे गट मोफत चालतात. आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत, कारण एजंटाच्या यादीत ते नसतं.

खरोखर काम करत भाषा शिकायची असेल तर त्यातल्या त्यात सरळ वाट ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाची. भारतीयांना तो २०२४ पासून मिळू लागला. वय १८ ते ३०, वर्षभर राहायचं, काम करायचं, चार महिन्यांपर्यंत शिकताही येतं. पण कामापुरतं इंग्रजी आधीच येत असल्याचा दाखला त्यालाही लागतो. सोडतीचा अर्ज २५ ऑस्ट्रेलियन डॉलरचा. जागा वर्षाला १,००० आणि पहिल्याच सोडतीला अर्ज आले सुमारे ४० हजार. त्यामुळे या वाटेवर प्लॉट गहाण टाकू नये, एवढंच.

लंडनला गेलेली आपली मुलं किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरासमोर फोटो काढतात. बाबासाहेब आंबेडकर तिथं १९२१-२२ मध्ये राहिले. घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. काटकसर त्यांच्याइतकी कुणी केली नसेल. पण ते तिथं इंग्रजी शिकायला गेले नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९१२ ला बी.ए. होतानाच ते इंग्रजी त्यांच्याजवळ होतं, म्हणून पाउंडाचा प्रत्येक दिवस त्यांना अभ्यासावर खर्चता आला. आजचं पोरगं मात्र एका वर्षाच्या एम.एस्सी.तले पहिले चार महिने प्राध्यापकाचे उच्चार समजून घेण्यात घालवतं, आणि ते चार महिने लाखांच्या भावाचे असतात.

आपल्या आजोबांच्या पिढीला सबब होती. निजामाचं राज्य, उर्दूचा अंमल, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आज ती सबब चालत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षं शाळा-कॉलेजात आणि वर पदवीची तीन-चार वर्षं इंग्रजी शिकूनही पोरगं आयईएलटीएसच्या ११ ते १४ मिनिटांच्या तोंडी परीक्षेला घाबरतं. मग क्लासवाला त्याला नदीचं वर्णन पाठ करून देतो. मांजराकाठचा असो की गोदाकाठचा, दोघांच्या तोंडी तीच विशेषणं, त्याच क्रमाने. परीक्षकाला ते पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

लातूर पॅटर्नने पेपर कसा सोडवायचा हे साऱ्या राज्याला शिकवलं, त्याबद्दल आदर आहे. पण त्या पॅटर्नमध्ये इंग्रजी हा पास होण्यापुरता विषय राहिला. बारावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी असतात. ते २० गुण बहुतेक ठिकाणी प्रसादासारखे वाटले जातात; पोराने तोंड उघडलं की नाही, हे कुणी बघत नाही.

म्हणून लातूर आणि नांदेडच्या कनिष्ठ महाविद्यालयांना एक विनंती आहे. ही तोंडी परीक्षा अकरावीपासूनच खरोखर घ्या. प्रत्येक मुलाला दहा मिनिटं समोर बसवा, पाठ केलेलं ऐकू नका, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ते अकरावीतच सांगा. एवढं करायला एकही पाउंड लागत नाही.