शिवणीतली माया

वाढत्या वयाच्या मुलाचे कपडे शिवताना जुना शिंपी शिवणीत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवीत असे. या राखीव कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. पोर वर्षभरात हातभर वाढले, की आई ती शिवण उसवी आणि त्याच विजारीवर आणखी एक शाळेचे वर्ष निघे. वस्तू करणाऱ्याने ती वापरणाऱ्याच्या उद्याचाही थोडा विचार करावा, एवढाच त्यामागचा हिशेब. यंत्रांच्या शिवणीतही एके काळी अशी माया असे. संगणकाच्या बाबतीत ती गेल्या दहाबारा वर्षांत गुपचूप काढून घेतली गेली आणि आपण त्याबद्दल ब्रसुद्धा काढला नाही.

हे ठासून सांगण्यासाठी मी एका म्हाताऱ्या यंत्राची साक्ष काढणार आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक जाहीर केला. रबरी बटणांचा, वहीएवढा, घरच्या टीव्हीला जोडायचा. त्याचे दोन प्रकार होते. १६ किलोबाइट मेमरीचा १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याच घराण्यातला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ परवाना घेऊन बाजारात आणला होता, त्यामुळे काही वाचकांना हे नाव आठवेल.

ज्यांच्या खिशात १७५ पौंड नव्हते, ते १६ किलोबाइटचा घेत. त्यातले ६९१२ बाइट तर पडद्यावरचे चित्र धरून ठेवण्यातच खर्ची पडत. संगणकाने स्वतःच्या कामापुरती जागा घेतली, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती जेमतेम नऊ किलोबाइट उरत. ‘जेटपॅक’सारखा १९८३ सालचा सुंदर खेळ एवढ्यातही बसे, पण त्याच वर्षीचा ‘मॅनिक मायनर’ ४८ किलोबाइटवाचून चालत नसे. शेजारच्या पोराच्या घरी तो चालतो आणि आपल्याकडे चालत नाही, हे दुःख जगातल्या सगळ्या पोरांना सारखेच कळते.

पण या दुःखावर उपाय होता आणि तो करणाऱ्यानेच ठेवलेला होता. अगदी पहिल्या आवृत्तीत जादा मेमरीचा वेगळा छोटा बोर्ड आत बसवावा लागे. नंतरच्या आवृत्तीच्या बोर्डावर मात्र जादा चिपांच्या जागा आधीच आखून ठेवलेल्या होत्या. मेमरीच्या आठ आणि त्यांना पत्ते वाटून देणाऱ्या साध्या लॉजिकच्या चार, अशा बारा चिपा बसवल्या, की १६ चा ४८ होई. पावणेदोनशे पौंडांची उडी ज्याला एकदम मारता येत नव्हती, त्याला ती दोन पायऱ्यांत मारता येई.

यातली मौज पुढेच आहे. या जादा चिपा मुळात ६४ किलोबिटच्या, पण कारखान्यातून निघताना अर्ध्या नापास झालेल्या. ज्या चिपेचा एक अर्धा भाग बिघडलेला, ती सिंक्लेअर स्वस्तात घेई आणि धडका अर्धाच वापरी. आठही चिपांचा तोच अर्धा भाग शाबूत असला पाहिजे एवढीच अट. वरचा की खालचा, हे बोर्डावर तारेचा एक तुकडा जोडून यंत्राला सांगायचे. कोंड्याचा मांडा करून खाणारी गृहिणी आपण पाहिलेली आहे. हा कोंड्याचा संगणक होता, आणि जगभर त्याची पन्नास लाखांवर विक्री झाली.

माझ्याकडे असा एक १६ किलोबाइटचा स्पेक्ट्रम आहे. लॉजिकच्या चार चिपा मला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळाल्या. मेमरीसाठी अर्ध्या नापास चिपा शोधण्याची आता गरज नाही; पूर्ण पास झालेल्या ६४ किलोबिटच्या जुन्या चिपाही तिथे बसतात. काम एका दुपारचे. पण यंत्र उघडण्याआधी एका जुन्या वस्तूंच्या दर्दी मित्राने मला थांबवले. ‘मूळ वस्तू आहे, तिला हात लावू नकोस. १६ चा होता तो १६ चाच राहू दे,’ असे त्याचे म्हणणे.

हा वाद क्षुल्लक नाही. पैठणीला ठिगळ लावू नये, जुन्या वाड्याला ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवू नयेत, हे मलाही पटते. एखाद्या यंत्राचा जगात एकच नमुना उरला असेल, तर तो संग्रहालयात जसाच्या तसा ठेवावा. पण ज्या बोर्डावर करणाऱ्यानेच बारा जागा मोकळ्या सोडल्या आहेत, त्या भरणे म्हणजे वस्तू बिघडवणे नव्हे, ती पुरी करणे होय. शिवाय अशा यंत्राला हात लावल्यावाचून ते जगतही नाही. त्यातल्या मूळ १६ किलोबाइटच्या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. यातले उणे पाच गेले, की त्या चिपा मरतात. ‘हात लावू नका’ म्हणत बसलो, तर एक दिवस शोकेसमध्ये मढे उरेल. मी चिपा बसवल्या. मित्र अजून बोलतो माझ्याशी.

आता आजच्या यंत्राकडे या. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी ‘असेम्बल्ड’ संगणक आले. तेव्हा कपाळाला आठी न घालता आपण म्हणत असू, की सध्या चार एमबी टाकू, बोनस झाला की आठ करू. मेमरीची पट्टी काढता-घालता येई आणि नोकरदार माणसाला ती हप्त्याहप्त्याने वाढवता येई. आज दुकानात जाऊन पातळ लॅपटॉप मागा. त्यांतल्या पुष्कळांत मेमरी बोर्डावर कायमची सोल्डर केलेली असते. काहींत तर ती मुख्य प्रोसेसरच्याच पुडक्यात बंद असते. आठ जीबीचा घेतला, तर तो मरेपर्यंत आठचाच.

कंपन्यांची बाजू खोटी नाही, ती मांडलीच पाहिजे. मेमरी प्रोसेसरला चिकटून असली, की वेग वाढतो, वीज कमी लागते, बॅटरी जास्त टिकते, यंत्र पातळ होते. सॉकेटमधला सांधा सैल होण्याची कटकटही मिटते. पण यातून कुणाचा किती फायदा झाला, हेही मोजावे. वाढवण्याची सोय गेली, की ग्राहकाला पाच वर्षांनंतरची गरज आजच ओळखून, आजच तिचे पैसे मोजावे लागतात. आणि ते कंपनी ठरवील त्याच भावाने, कारण बाहेरच्या बाजारातली पट्टी आता बसतच नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत, तो सोळा किंवा बत्तीस घेतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचे यंत्र लवकर म्हातारे होते आणि कचऱ्यात जाते. म्हणजे गरीब ग्राहक शेवटी दोनदा पैसे भरतो.

दुसरा मार्ग नाही, असेही नाही. २०२१ पासून ‘फ्रेमवर्क’ या कंपनीने पातळ असूनही मेमरी बदलता येणारे लॅपटॉप विकून दाखवले. २०२३ च्या डिसेंबरात मेमरीची मानके ठरवणाऱ्या ‘जेडेक’ संस्थेने ‘कॅम२’ नावाचे मानक जाहीर केले. त्यात वेगवान, कमी विजेची मेमरीही स्क्रूने बसवता-काढता येते. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा निर्देश काढला. हे चांगलेच झाले. पण त्यात भर दुरुस्तीवर आहे, वाढीवर नाही. बिघडलेले नीट करण्याचा हक्क जेवढा मोलाचा, तेवढाच धडधाकट यंत्र गरजेप्रमाणे वाढवण्याचाही आहे. निदान खोक्यावर ठळक अक्षरांत एवढे तरी छापणे सक्तीचे करा: ‘या यंत्राची मेमरी पुढे वाढवता येणार नाही.’ सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, तर इथे का नाही?

तोवर आपल्या हाती एक साधी गोष्ट आहे. मुलासाठी लॅपटॉप घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि जाडी विचारण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘यात मेमरीची मोकळी जागा आहे का?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो हसेल. हजारांनी विचारले तर कंपनीला कळवील. शिंपी माया ठेवीत असे, कारण उसवायला येणारी आई ती नक्की शोधणार, हे त्याला ठाऊक होते.