दिवा पुढे, दुखणं मागे

मुलांनो, रात्रीच्या एस.टी.त ड्रायव्हरकाकांच्या अगदी मागच्या सीटवर बसून तुम्ही कधी प्रवास केलाय? केला असेल, तर समोरून येणाऱ्या गाड्यांची गंमत तुम्ही नक्की पाहिली असणार. समोरची गाडी दिसली की काका डिपर देतात, समोरचाही देतो आणि दोघे शहाण्या मुलांसारखे आपापल्या बाजूने निघून जातात. पण मध्येच एखादी गाडी अशी येते, की तिचा झोत थेट डोळ्यांत घुसतो. काका एक हात डोळ्यांसमोर धरतात आणि पुटपुटतात, "काय माणूस आहे! डिपर द्यायला याचं काय जातं?"

आता खरी गोष्ट ऐका. पुष्कळदा त्या माणसाने डिपर दिलेला असतो! बटण बरोबर दाबलेलं असतं, बल्बही चांगला असतो. मग झोत वर का जातो? कारण त्या गाडीच्या डिकीत असतात दोन पोती तांदूळ, एक गॅसची शेगडी आणि मागच्या सीटवर लग्नाहून परतणारी चार मंडळी!

हसू नका. सी-सॉवर बसलात ना कधी? एक टोक खाली गेलं, की दुसरं वर जातं. गाडीचंही तसंच. मागे ओझं आलं, की मागच्या स्प्रिंगा दबतात, शेपूट खाली बसते आणि नाक वर उचललं जातं. दिवे नाकावर बसवलेले, म्हणून तेही आभाळाकडे बघू लागतात. स्कूटरवर मागे दोघे बसले, की पुढचा दिवा झाडाच्या शेंड्यावर पडतो, हे तर तुम्ही गावात रोज बघता.

चला, थोडं गणित करू या. घाबरू नका, चौथीतल्या मुलालाही जमेल. मोटारीचा दिवा रस्त्यापासून साधारण ६५ सें.मी. उंचीवर असतो. खाली घेतलेला झोत सरळ जात नाही, तो किंचित उतरता ठेवतात. दर १० मीटरला साधारण १० सें.मी. उतार, म्हणजे शेकडा १. आता गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर धरा अडीच मीटर, म्हणजे २५० सें.मी. ओझ्याने मागची बाजू फक्त ५ सें.मी. खाली बसली. पाच भागिले अडीचशे, म्हणजे शेकडा २. शेकडा १ ने उतरणारा झोत आता शेकडा १ ने चढू लागला! ५० मीटरवर तो ५० सें.मी. वर चढतो. ६५ आणि ५०, झाले ११५ सें.मी. मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे रस्त्यापासून जवळजवळ एवढ्याच उंचीवर असतात. म्हणजे तुमच्या तळहाताच्या रुंदीपेक्षाही कमी अंतर शेपूट दबली, आणि समोरच्याचे डोळे दिपले.

करून पाहा

एक ३० सें.मी.ची फुटपट्टी घ्या. तिच्यावर छोटी बॅटरी रबरबँडने बांधा. पट्टी टेबलावर ठेवा आणि समोरची भिंत ३ मीटरवर येईल असं करा. खोलीत अंधार करा आणि प्रकाशाचा ठिपका कुठे पडतो तिथे भावाला किंवा बहिणीला खडूची खूण करायला सांगा. (भिंतीवर नको, नाहीतर आई रागवेल. कागद चिकटवा!) आता पट्टीच्या पुढच्या टोकाखाली १ सें.मी. जाडीचा खोडरबर सरकवा. ठिपका किती वर गेला? मोजा. सुमारे १० सें.मी. भरेल. बोटभर हालचाल, वीतभर परिणाम!

तुम्ही म्हणाल, "बाई, दिपले डोळे क्षणभर, तर काय बिघडलं?" बिघडतं. काळोखाची सवय झालेल्या डोळ्यांवर एकदम झोत पडला, की झोत निघून गेल्यावरही थोडा वेळ काहीच नीट दिसत नाही. हा वेळ आपण ३ सेकंद धरू. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर. कबड्डीची चार मैदानं लांबीच्या दिशेने एकापुढे एक आखली, तर जवळजवळ एवढंच अंतर भरेल. एवढं अंतर गाडी जवळजवळ डोळे मिटून जाते. आणि त्या ५० मीटरांत कोण असेल? उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली एखादी बैलगाडी असेल. शिकवणीहून सायकलवर घरी येणारी तुमच्याच वर्गातली एखादी मुलगी असेल.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट कोणती, सांगू? ज्याच्या गाडीत दोष आहे, त्याला तो दिसतच नाही. उलट त्याला वाटतं, वा, दिवे काय लांबवर पडताहेत! त्रास सगळा समोरच्याला.

अंड्यांची टोपली आणि एक खुंटी

माणसाने यावर उपाय फार पूर्वी शोधला. फ्रान्समध्ये सिट्रोएन नावाच्या कंपनीने १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक साधीसुधी मोटार मांडली. तिचं नाव 'टू सी.व्ही.'. ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी होती. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटता कामा नयेत, अशी अट घालून ती बनवली होती म्हणे! साहजिकच तिच्या स्प्रिंगा अगदी मऊ. बटाट्याचं पोतं मागे टाकलं, की गाडी मागे कलणार आणि दिवे वर बघणार. म्हणून तिच्यात आतूनच फिरवायची एक खुंटी दिली. ती फिरवली, की दोन्ही दिवे खाली-वर होत. पुढे १९६७ साली याच कंपनीच्या 'डी.एस.' या मोटारीचे दिवे चाकांच्या यंत्रणेला जोडून दिले, म्हणजे गाडी कलली तरी झोत आपोआप जागेवर राहू लागला.

आजच्या अनेक मोटारींत स्टिअरिंगच्या बाजूला एक छोटी चकती असते. तिच्यावर ०, १, २, ३ असे आकडे असतात. गाडी रिकामी, तर ०. ओझं वाढेल तसा आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो. पण खरं सांगा, तुमच्या घरी ही चकती कुणी शेवटची कधी फिरवली?

म्हणूनच काही गाड्यांत हे काम माणसाच्या आठवणीवर सोडलेलं नसतं. १९९१ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या मोठ्या गाडीत झेनॉन वायूचे दिवे आणले. साधा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब साधारण १,५०० ल्यूमेन प्रकाश देतो, तर ३५ वॅटचा झेनॉन दिवा ३,२०० च्या आसपास देतो. वीज कमी, उजेड दुप्पट! असा प्रखर झोत चुकून डोळ्यांत गेला तर काय होईल, विचार करा. म्हणून युरोपात २,००० ल्यूमेनपेक्षा जास्त प्रकाशाच्या अशा दिव्यांना झोत आपोआप खाली-वर करणारी यंत्रणा आवश्यक ठरली.

आता ही यंत्रणा कशी चालते ते बघू. गाडीच्या सांगाड्याला, चाकाजवळ, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक डबी बसवलेली असते. तिला एक लहानसा दांडा असतो. हा दांडा एका काडीने चाकाच्या हलत्या भागाला जोडलेला असतो. गाडी दबली, की काडी दांड्याला ढकलते आणि दांडा फिरतो. हीच डबी म्हणजे सेन्सर, म्हणजे गाडी किती कलली याची खबर देणारा दूत. जुन्या पद्धतीच्या डबीत रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी रचना असते. त्यात एक पट्टी घासत फिरते. नव्या पद्धतीत लोहचुंबक वापरतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेला 'हॉल परिणाम' तिथे कामाला येतो. घासणं नाही, म्हणून झिजही कमी. डबीला साधारण ५ व्होल्ट वीज मिळते आणि दांडा फिरेल तसा तिच्यातून बाहेर येणारा दाब कमीजास्त होतो. तो आकडा गाडीतला छोटा संगणक वाचतो आणि दिव्यातल्या चिमुकल्या मोटरला सांगतो, "थोडं खाली बघ!"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या गावातल्या एका गॅरेजात मी ही डबी प्रत्यक्ष पाहिली. पंधराएक वर्षांची जुनी मोटार होती. तिचे दिवे लावले, की उजेड बंपरपुढे चार पावलांवर पडायचा, पुढचा रस्ता काळाकुट्ट. डॅशबोर्डवर एक पिवळी खूण सारखी पेटलेली. मालकांना कुणीतरी सांगितलं होतं, दोन्ही दिवे बदला. दिवे केवढ्याला पडतात हे ऐकून ते हवालदिल झाले होते.

मेस्त्री मात्र दिव्यांकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते थेट गाडीच्या मागच्या चाकाशी आडवे झाले! मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, दूत मुका झाला, की संगणकाला काही कळत नाही. मग तो दिवे खाली पाडून ठेवतो. समोरच्याचे डोळे तरी वाचतात."

मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. काडी तुटली आहे का? नाही. कपलरमध्ये पाणी शिरून हिरवा गंज चढलाय का? थोडासा होता, तो साफ केला, तरी खूण गेली नाही. डबीपर्यंत ५ व्होल्ट पोचतात का? मीटर लावला, पोचत होते. शेवटी काडी सोडवून दांडा हाताने फिरवला. दांडा खाली-वर झाला, पण मीटरचा काटा ढिम्म! आता कळलं. तार ठीक, वीज ठीक, काडी ठीक; बिघडली होती ती फक्त डबी.

बघा मुलांनो, गणिताचं उत्तर चुकलं, की आपण अख्खं पान खोडतो. त्यापेक्षा कुठल्या पायरीवर घोटाळा झाला ते शोधलं, तर एक ओळ बदलून काम होतं. मेस्त्रींनी नेमकं तेच केलं.

पुढचं काम धीराचं. गाडी सपाट जागी उभी केली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले. जॅकने मागची बाजू उचलून खाली भक्कम स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधीच गाडीखाली जात नाहीत. बॅटरीची वायर काढली. गंजलेल्या बोल्टांवर गंज सुटायचं तेल मारून पंधरा मिनिटं वाट पाहिली. घाईने पाना लावला असता, तर बोल्टच तुटला असता. जुनी डबी काढण्याआधी दांडा कुठल्या बाजूला आहे ते खडूने जमिनीवर काढून ठेवलं. मग नवी डबी तशीच बसवली, काडी जोडली, कपलर 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबला.

"झालं!" मालक म्हणाले. "अजून नाही," मेस्त्री म्हणाले.

का नाही? नवी डबी म्हणजे कोरी पाटी. गाडी सरळ उभी असताना आकडा किती, हे संगणकाला शिकवावं लागतं. त्यासाठी चारही चाकांत योग्य हवा भरली, डिकी रिकामी केली, गाडी सपाट फरशीवर आणली आणि स्कॅनर जोडून शून्याची जागा ठरवून दिली. मग भिंतीवर झोत टाकून त्याची कड तपासली. शेवटी मेस्त्रींनी दोघा पोरांना डिकीवर भार द्यायला सांगितला. गाडी दबली, भिंतीवरचा झोत क्षणभर वर गेला आणि हळूच आपल्या जागी उतरला. पिवळी खूण विझली होती. ही शेवटची पायरी गाळली असती, तर नवी डबी असूनही झोत चुकीच्याच जागी पडला असता.

आईबाबांसाठी

पालकहो, चार ओळी तुमच्यासाठी. आठवणीने एकदा सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर रिकामी गाडी उभी करा. दिवे खाली घेऊन झोताच्या वरच्या कडेची खूण करा. मग नेहमीचं सामान आणि माणसं बसवून पुन्हा बघा. चकती असेल, तर कुठल्या आकड्यावर झोत पहिल्या खुणेवर येतो ते लिहून ठेवा. चकती नसेल आणि कड खुणेच्या बरीच वर राहत असेल, तर मेस्त्रींना दाखवा. समोरचे लोक पुन्हा पुन्हा डिपर मारत असतील, तर चिडण्याआधी आपल्याच दिव्यांची शंका घ्या. आणि दिवे बदलायला कुणी सांगितलं, तर आधी काडी, कपलर आणि सेन्सर तपासून घ्या.

मुलांनो, गाडीखाली जाण्याचं काम मोठ्यांचं, तिथे तुम्ही जायचं नाही. पण प्रवासाला निघताना डिकी भरून झाली, की "बाबा, चकती फिरवलीत का?" एवढं विचारायचं काम मात्र तुमचं. तुमच्या एका प्रश्नामुळे समोरून येणाऱ्या, नाव-गाव माहीत नसलेल्या एखाद्याला रस्ता नीट दिसेल.

जाता जाता कोडं: दिवा रस्त्यापासून ७० सें.मी. उंच आहे आणि झोत दर १० मीटरला १० सें.मी. खाली उतरतो. तर तो दिव्यापासून किती मीटरवर रस्त्याला टेकेल? आणि मागची बाजू दबून तोच उतार निम्मा झाला, तर? वहीत आकृती काढून सोडवा. उत्तर पुढच्या अंकात!